सुरवंटाची घाई

लहान लेकरांकरिता लिहिलेल्या पुस्तकांत कधी कधी असा प्रश्न दडलेला असतो की, तो सोडविताना थोरांचीही पुरेवाट व्हावी. 2019 साली अमेरिकेत निघालेले असेच एक विनोदी चित्रपुस्तक आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘अतिशय उतावीळ सुरवंट’ असा होतो. हा सुरवंट कोशात शिरतो न शिरतो तोच, आपण फुलपाखरू झालो काय, म्हणून विचारू लागतो. दोन आठवडे लागतील असे कळताच त्याचा जीव कासावीस होतो, आणि मुदत भरण्याआधीच तो कोश फोडून बाहेर येतो. त्याची जी फजिती होते ती पाहून मुले पोट धरून हसतात. धीर धरावा हे ह्या पुस्तकाचे तात्पर्य, आणि शब्बाथ शाळेत ते अवश्य सांगावे. परंतु धीर म्हणजे काय, आणि तो कोणी कोणास सांगावा, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत लेकरांपेक्षा थोरांस अधिक लागू आहे.

पुस्तकातील सुरवंटास दुसरी संधी मिळते. आमच्या परसातील कढीलिंबावरच्या सुरवंटास ती मिळत नाही. उपदेशक बंधूंनी मुलांस घेऊन हे झाड अवश्य पाहावे. लहानपणी हा किडा पाखराच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. पुढे तो पानासारखा हिरवा होतो. पोटभर खाऊन झाले म्हणजे खाणे बंद करून तो रेशमाच्या बारीक धाग्याने स्वतःस काटकीला बांधून घेतो व कोश करतो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, तो निजला आहे. वस्तुतः आत केवढी उलथापालथ चाललेली असते! जुन्या शरीराचा पुष्कळसा भाग विरघळून जातो, आणि त्यात अगोदरपासून दडलेल्या सूक्ष्म पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय आणि डोळे घडतात. पाने कुरतडणारे तोंड जाऊन तेथे मध शोषणारी सोंड येते. कोणी कनवाळूपणाने कोश उकलून दिला, तर आतील जीव बहुधा मरतो किंवा पांगळा होतो.

म्हणजे थांबणे हे रिकामे बसणे नव्हे. विल्यम केरी 1793 साली बंगालात आले, आणि कृष्ण पाल नामक सुतार बंधूचा बाप्तिस्मा 1800 सालच्या डिसेंबरात झाला. मधली सात वर्षे केरीसाहेब नदीकडे पाहत बसले नव्हते. ते भाषा शिकत होते, शास्त्राचे भाषांतर करीत होते. वर्ष होऊन गेले तरी अमक्या गावी एकही कुटुंब वळले नाही म्हणून जे उपदेशक खिन्न होतात, त्यांनी एवढेच पाहावे की, त्या वर्षात आपल्या हातून काय झाले.

आता ह्याची दुसरी बाजू. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या मुळाशी हुमणी लागते हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. हुमणीदेखील कोश करते, आणि तिचाही भुंगेरा होतो. वळवाचा पहिला पाऊस पडला की, तिन्हीसांजेस हे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर व बाभळीवर बसतात. त्याच दिवसांत गावाने मिळून फांद्या हलवाव्या, भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावे. जो तेव्हा धीर धरून घरी बसतो, त्याचा ऊस पुढे उभ्याउभ्या वाळतो. आणि त्याच्या बांधालगतचा शेजारीही बुडतो. हा कसला धीर? ह्यास आळस म्हणतात. एकच निसर्गनियम एके ठिकाणी हात आवरावयास सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी हात उगारावयास.

स्वतः धीर धरणे एक, आणि दुसऱ्यास तो सांगणे दुसरे. दुसऱ्यास सांगण्यात फार सोय असते. आधी ह्या लोकांस शिकू द्या, मग नोकऱ्यांचे पाहू, असे म्हणणे शाहू महाराजांस अगदी सोपे होते. त्यांनी 26 जुलै 1902 रोजी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदाही केला.

आमच्या खेड्यांत धीराचा उपदेश सर्वांत अधिक कोणास मिळतो, हे आम्ही स्पष्ट लिहितो. नवरा दारू पिऊन मारतो म्हणून जी बहीण रडत उपदेशकाच्या दारी येते, तिला. “बाई, धीर धर, प्रार्थना कर, प्रभू त्याला पालटील,” असे सांगून तिला त्याच घरी परत पाठविले जाते. प्रभू माणसास पालटतो ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु कढीलिंबावरील किड्याचा क्रम पाहा: आधी पाने खाणे थांबते, मग कोश होतो. जो पुरुष अजून पीत आहे, अजून हात उगारीत आहे, तो कोशात शिरला असे कोणत्या खुणेवरून समजावे? त्याच्या पालटण्याची किंमत तिने आपल्या हाडांनी का द्यावी?

प्रभूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. त्यातील माळी धन्यापाशी आणखी एक वर्ष मागतो खरे. पण त्या वर्षात आपण मुळाभोवती खणू, खत घालू, असेही बोलतो. कष्ट करावयाचे ते त्याने स्वतःवर घेतले. तेव्हा ज्या उपदेशकास त्या नवऱ्याकरिता मुदत मागावयाची असेल, त्याने त्याच्याकडे स्वतः जावे, मंडळीतील वडिलांस घेऊन जावे, दारू सोडविण्यास दवाखान्यात न्यावे; आणि तोपर्यंत ती बहीण व तिची लेकरे कोठे सुखरूप निजतील ह्याची तजवीज त्याच रात्री करावी. 2005 साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तेथे तिच्याबरोबर जावे. कचेरीत जाणे हे विश्वासणारीस शोभत नाही असे कोणी म्हणाल्यास, प्रभूच्याच दुसऱ्या दाखल्यातील ती विधवा न्यायाधीशाकडे किती वेळा गेली, ते त्यास वाचून दाखवावे.