नाथांचा दाखला, श्यामची आंघोळ

जुन्या पुस्तकांतले खुपणारे शब्द बदलावेत की नाहीत, यावर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक उसने असते. फेब्रुवारी 2023 मध्ये इंग्लंडात रोआल्ड डालच्या मुलांसाठीच्या पुस्तकांत पफिन प्रकाशनाने शेकडो बदल केल्याचे उघड झाले. गदारोळ उठला, आणि आठवड्याभरात प्रकाशकाला मूळ संहितेचाही वेगळा संच काढण्याची घोषणा करावी लागली. मराठीत त्याचे पडसाद उमटले ते तिथल्याच शिव्या आणि तिथलेच युक्तिवाद घेऊन. ‘माटिल्डा’तली वाचनवेडी मुलगी पूर्वी किप्लिंगचे बोट धरून हिंदुस्थानात यायची, नव्या आवृत्तीत ती स्टाइनबेकबरोबर कॅलिफोर्नियाला जाते, हा तपशील इथे कोणाला फारसा टोचला नाही. किप्लिंगच्या साम्राज्यवादाचा हिशेब मागण्याचा हक्क कोणाचा असेल तर तो आपला. त्यालाच वगळल्यावर हिशेब मागायचा कोणाकडे?

‘जुन्याला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना जुने वाचायचे नसते, पूजायचे असते. ‘भावना दुखावतात म्हणून काढा’ म्हणणाऱ्यांची यादी कधी संपत नाही. दोघांनाही इथेच सोडतो. मला छळतो तो तिसरा. तो शिकलेला असतो, परंपरा जाणतो आणि चर्चासत्रात शांतपणे हसून म्हणतो, “संहिता स्थिर होती तरी कधी? खुद्द एकनाथांनी ज्ञानेश्वरी दुरुस्त केलीच की!” नाथांचे नाव आले की सभागृह मान डोलावते आणि वाद संपतो.

तो संपू नये. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी पैठणला जे केले ते ज्ञानेश्वरांना आपल्या काळाच्या चवीचे करण्यासाठी नव्हे. पाठ करणाऱ्यांनी आणि नकला उतरवणाऱ्यांनी तीनशे वर्षांत जी भर घातली होती, अपपाठ शिरवले होते, ते काढून मूळ ग्रंथाकडे परत जाण्याचा तो प्रयत्न होता. शेवटी तर त्यांनी आपली ओवी ज्ञानेश्वरीत घुसडणाऱ्याला खणखणीत समज दिली आहे. म्हणजे आज ज्या कामासाठी नाथांचे नाव पुढे केले जाते, नेमके तेच काम त्यांनी निषिद्ध ठरवले होते.

यावर आमचे मित्र म्हणतात, हेतू काहीही असो, हात तर लागलाच ना? लागला असेल. नाथांनी भाषाही थोडी आपल्या काळाकडे ओढली का, हा वाद राजवाड्यांनी 1909 मध्ये आपली प्रत छापली तेव्हापासून चालू आहे, आणि राजवाड्यांच्या प्रतीवरचा संशयही तितकाच जुना आहे. पण हा वाद घालता येतो, कारण नाथांनी इतर पोथ्या नाहीशा केल्या नाहीत. गोसाव्यांच्या मठांत आणि घरोघरीच्या फडताळांत वेगवेगळे पाठ राहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुखटणकर आणि त्यांच्या मागून आलेल्या विद्वानांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, 1919 ते 1966, जवळजवळ अर्धे शतक. हजाराहून अधिक हस्तलिखिते पडताळली गेली. जे श्लोक संहितेत बसले नाहीत ते गेले तळटीपेत आणि परिशिष्टात. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही, त्याच्या हातात त्याच पानावर पुरावा दिलेला असतो. याला संपादन म्हणतात. नाथांचा दाखला द्यायचाच तर या कुळाचा द्यावा.

या तिसऱ्याकडे अधिक चांगला दाखला आहे, तो द्यायला मात्र तो कचरतो. तो तुकोबांचा. भल्या माणसाला आपली लंगोटीसुद्धा देऊन टाकण्याची आणि नाठाळाच्या डोक्यात काठी घालण्याची भाषा करणारा अभंग शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतो, आणि त्यातली लंगोटी ‘कासेची’ असते. तुकोबांनी तिथे शरीराच्या कोणत्या भागाचे नाव घेतले होते, हे गाथा उघडल्याशिवाय कळत नाही. एक शब्द बदलला आणि देहूचा कुणबी वाणी सदरा घालून वर्गात येऊन बसला. यात कोणाचे रक्षण झाले? बहुजनांच्या तोंडची भाषा गबाळी आणि तुकोबा मात्र सोज्वळ, ही फूट पडली ती याच मार्गाने. संहिता बदलत आली आहे, हे खरेच. पण ती बदलताना बहुतेक वेळा कोणाच्या सोयीने बदलली, हे ‘परंपरा’ या शब्दाखाली झाकता येत नाही.

(रूपांतराला माझा आक्षेप नाही. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तेव्हा नावे, गावे, रीतिरिवाज सगळे बदलले आणि नाटक आपल्या नावावर लावले. डालच्या नव्या आवृत्तीवर नाव मात्र डालचेच राहिले.)

माझे म्हणणे एका भेदावर उभे आहे, आणि तो या चर्चेत कोणी करत नाही म्हणून हा लेख. शब्द दोन कामे करतो. तो समोरच्याला हाक मारतो, आणि तो घडलेल्या गोष्टीची साक्ष देतो. संबोधन आणि साक्ष. संबोधनाच्या बाबतीत मी बदलवाल्यांच्याही पुढे आहे. ज्याला हाक मारायची त्याला ती हाक अपमानाची वाटत असेल तर चर्चा तिथेच संपली. 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात येऊ लागला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. शब्द वरवर गोड होता, पण तो दुसऱ्यांनी ठेवलेला होता. महाराष्ट्र सरकारने 2020 च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो उशिराच घेतला. पत्ता लिहिताना रोज जातीचा उच्चार करायला लावणे ही काही साहित्याची सेवा नव्हती.

संबोधनातही फसवाफसवी असते. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला. पुढच्या एप्रिलमध्ये राज्याच्या एका मंत्र्यांकडून विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावे असा प्रस्ताव आला. लग्नपत्रिकांत पिढ्यान्‌पिढ्या छापला गेलेला ‘गं. भा.’ नव्या कागदावर परत आला होता. टीका झाली आणि प्रस्ताव बारगळला. पण हा वाद जिवंत स्त्रियांनी जिवंत मंत्र्याशी घालण्याचा होता आणि तसाच तो घातला गेला. संबोधनाचे असेच असते. उत्तर द्यायला कोणीतरी समोर असते.

साक्षीचे तसे नसते. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एका म्हाताऱ्या महारणीची लाकडांची मोळी खाली पडते. ती उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण शिवायचे नसते. श्यामची आई श्यामला पाठवते: जा, मोळी तिच्या डोक्यावर दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. गुरुजी 1950 मध्ये गेले, साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपला आणि आता ते कोणीही छापू शकतो. उद्या एखाद्या सद्हेतूच्या प्रकाशकाने ‘महारीण’ काढून ‘गरीब म्हातारी’ घातली आणि आंघोळ गाळली, तर मुलांच्या हाती एक गोड गोष्ट पडेल: दयाळू बाई, मदत करणारा मुलगा. मराठीतली सर्वांत प्रेमळ आईसुद्धा मुलाला आंघोळ करायला लावत होती, ही माहिती मात्र नाहीशी होईल. अस्पृश्यता फक्त दुष्टांच्या अंगी नव्हती, प्रेमळांच्या घरातही ती शिस्तीने पाळली जात होती, हे मला इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे पान ठाऊक नाही. हाच लेखक मे 1947 मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. त्या आंघोळीपासून त्या उपोषणापर्यंतचे अंतर मोजायचे तर दोन्ही टोके शाबूत हवीत.

शिवाय साक्ष पुसली की ती नेमकी कोणाची पुसली जाते, तेही पाहावे. ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’, ‘उपरा’. ही पुस्तकांची नावेच लेखकांच्या अंगावर फेकलेले शब्द आहेत. लिंबाळे, गायकवाड, माने यांनी ते उचलून मुखपृष्ठावर ठेवले. शब्दांची यादी घेऊन बसलेला यंत्रवत संपादक पहिली कात्री इथेच चालवील. उलट बाजूने, त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त फिरस्त्या जमातींबद्दल जो तिरस्कार आहे तो गाळला, तर ‘उचल्या’ कोणाला उत्तर देत आहे ते कळेनासे होईल. फिर्याद उरेल, आरोपी गायब.

मुलांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. सहा वर्षांच्या मुलाला साक्ष आणि संबोधन वेगळे करता येत नाही. पुस्तकातली शिवी त्याला थेट लागते, आणि वर्गात शेजारी बसलेल्या मुलाकडे सगळे वळून पाहतात. हे मी हलके मानत नाही. पण त्यावरचा उपाय म्हणजे ते पुस्तक त्या वयात न देणे, किंवा नवे लिहिणे. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुष दाखवले, ते नव्या चित्रांतून. त्यासाठी कोणा जुन्या लेखकाच्या तोंडात न बोललेले शब्द घातले नाहीत.

मोठ्यांसाठी वाट एकच, आणि ती महाराष्ट्राने आधीच चालून पाहिली आहे. 1987 मध्ये राज्य शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट काढून टाका म्हणून शिवसेना आणि मराठा महासंघ रस्त्यावर उतरले. सरकार डगमगले. मग दलित जनता प्रचंड संख्येने मुंबईत मोर्चाने आली. शेवटी परिशिष्ट राहिले, फक्त त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. टीप भित्री होती, पण संहितेला धक्का लागला नाही. आज ते पान उघडणाऱ्याला बाबासाहेब काय म्हणाले ते वाचता येते, आणि त्यांच्यानंतर तीस वर्षांनी आलेले सरकार त्याला किती बिचकत होते तेही.