साल की साग?

पारशिवनीत बातमी कुठे कळते, असं वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर कोणीही पानठेल्याकडे बोट दाखवलं असतं. नागपूरहून आलेला एक पेपर दहा जण वाचायचे आणि खर्रा घोटला जात असताना त्यावर जे बोललं जाई तीच त्या दिवसाची बातमी. तिच्यात थापा नसत असं नाही. चांगल्या थापेला तिथं मानच होता. पण थाप मारणारा समोर उभा असे. "काऊन बा, तू पाह्यलं का?" एवढं कोणी विचारलं की निम्मी बातमी तिथंच गळून पडायची.

तोच माणूस आज तीच थाप घरी पलंगावर पडून अडीचशे जणांना पाठवतो. विचारणारा कोणी नाही.

१९८४ आणि १९८९ मध्ये आमच्या रामटेक मतदारसंघानं पी. व्ही. नरसिंह रावांना लोकसभेत पाठवलं. माणूस तिकडचा तेलुगू, पण उत्तम मराठी बोलणारा, ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा. तेव्हाचा प्रचार म्हणजे जीप, भोंगा, भिंतीवरचं चिन्ह. त्या प्रचाराला गावात यावं लागे, आणि आला की दिसे. खडी गंमतीच्या खेळात शाहिरानं मधेच कोणाची तारीफ सुरू केली तर कोणाचं मीठ खाऊन गातो आहे, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळायचं.

आता २०२४ घ्या. काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे, आमच्याच तालुक्यातल्या, जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष. २८ मार्चला, अर्जांच्या छाननीच्याच दिवशी, जात पडताळणी समितीनं त्यांचं प्रमाणपत्र अवैध ठरवलं आणि अर्ज बाद झाला. पती श्यामकुमार यांचा पर्यायी अर्ज होता, ते उमेदवार झाले. मतदान १९ एप्रिलला, म्हणजे हातात तीन आठवडे. समोर शिंदे गटाच्या शिवसेनेचे राजू पारवे, तेही त्याच महिन्यात काँग्रेस सोडून आलेले. श्यामकुमार ७६ हजारांवर मतांनी निवडून आले. समितीचा तो निर्णय पुढे सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्द केला.

यावर "मोबाइलनं निवडणूक जिंकली" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पंजा तोच होता, आडनाव तेच होतं. नाव बदलल्याचं फोननं घरोघरी कळवलं असेल, पण अन्याय झाला की नाही हे ठरलं ओसरीवर, धुऱ्यावर, बाजारात. माणसं एकमेकांशी बोलली. माझी तक्रार फोनच्या वेगाबद्दल नाहीच.

तक्रार नात्याबद्दल आहे. पक्षाचे ग्रुप लोक आवाज बंद करून ठेवतात. खरा प्रचार चालतो तो राजकारणाशी संबंध नसलेल्या ग्रुपवर: दहावीची बॅच, भजनी मंडळ, बचत गट, भाऊबंद. सकाळी कोणाच्या नातवाचा वाढदिवस, त्याखाली एखाद्या नेत्याचा कापून जोडलेला व्हिडिओ, त्याखाली 'सुप्रभात'. पाठवणारे घरचे मोठे जावई. त्यांना खोटं कसं म्हणणार? पुढच्या महिन्यात त्यांच्याच घरी लग्न आहे. मग आपण जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो. जावई ते संमती समजतात आणि बाकीचे पन्नास जणही तेच समजतात. शहाणी माणसं सांगतात, अनोळखी स्रोतावर विश्वास ठेवू नका. छोट्या गावात स्रोत अनोळखी नसतोच, आणि तो आपला असतो म्हणूनच त्याला विचारता येत नाही.

कायद्याचा हात इथवर पोचत नाही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास भोंगा बंद होतो. २०१९ मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनीही एक आचारसंहिता मानली, की त्या काळातला नियमबाह्य मजकूर निवडणूक आयोगानं कळवताच तीन तासांत हटवू. पण भाऊबंदांच्या ग्रुपमधलं आयोगाला कळवणार कोण, जावयाचं नाव घेऊन? मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सामाईक इरादा किंवा संगनमत दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ग्रुपच्या ॲडमिनला दोषी धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे. दुसऱ्याच्या तोंडासाठी मला का पकडावं? फक्त पानठेलेवाला "येथे नको, पुढं जाऊन बोल" म्हणू शकत असे, तेवढंही आमचे ॲडमिन म्हणत नाहीत.

पेपर अजून येतो, पण त्याचं पान सहा वाजताच फोनवर फुकट आलेलं असतं. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किरकोळ, भिस्त जाहिरातीच्या कमिशनवर. तोच आता गळ्यात माइक अडकवून यूट्यूबवर दिसतो. त्याला दोष देववत नाही.

विचारायचं राहिलं की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठार केलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून आधीच पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. राईनपाड्याला माणसं समोर उभी होती, त्यांना विचारता आलं असतं. पण उत्तर लोकांच्या खिशात आधीच येऊन पडलं होतं.

आमच्याकडे अफवा येते ती वाघाची. पेंचचं जंगल लागून आहे, तेव्हा खरा वाघही येतोच. मागच्या हिवाळ्यात जावयांनी व्हिडिओ टाकला: वाघ रस्ता ओलांडतो आहे, 'आपल्या भागात, रात्री शेतात जाऊ नका'. दहा मिनिटांत एका गुराख्याच्या पोरानं लिहिलं, "मागचं झाड साल आहे. आपल्याकडं साल नाही, साग हाय." जावयांनी व्हिडिओ काढून टाकला. कोणाला राग आला नाही, लग्नही ठरल्याप्रमाणे झालं. आता ग्रुपवर कुठलाही व्हिडिओ आला की मी आधी मागचं झाड बघतो. भाषणांच्या व्हिडिओत बहुतेकदा नुसता पडदा असतो.