उणीव यंत्रात की खोलीत?

मायबाप वाचकहो, घरात अभंग ऐकण्याचे यंत्र आहे, दोन स्पीकर आहेत, आवाज येतो आहे, तरी शेजारी नवे यंत्र आले की मन म्हणते, "आपल्याकडे ती गोडी नाही." मग नवे घ्यावे की नाही? कोणी म्हणेल, यात धर्माचा प्रश्न कसला! अहो, ज्या पैशाला घरात दहा वाटा आहेत तो कोणत्या वाटेने जावा, हा प्रश्न धर्माचाच आहे. चांगले ऐकावे ही इच्छा मात्र वाईट नव्हे; तिला हाव म्हणून हिणवू नये. पाहायचे ते इतकेच, की उणीव नेमकी कशात आहे.

पखवाज उतरला तर वादक लगेच नवा आणतो काय? तो डाव्या तोंडाची कणीक कमीजास्त करतो, हातोडीने स्वर मिळवतो. यंत्राचेही तसेच. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की भिंती खालचे स्वर फुगवतात आणि त्या घुमाऱ्यात शब्द बुडतात. त्याला हात-दीड हात पुढे ओढा. दोन स्पीकर आणि आपली बैठक यांचा समभुज त्रिकोण साधा. टाळांची किणकिण ऐकवणारा स्पीकरमधला लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येऊ द्या. तारा तपासा. एकाच स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर दोघांचे खालचे स्वर एकमेकांना खातात आणि बोल मात्र यंत्राला लागतो. मग खोलीत टाळी वाजवून पाहा. ती भिंतीभिंतींत झणझणत राहिली, तर फरशीवर सतरंजी घाला, उघड्या भिंतीवर जाड गोधडी टांगा. दगडी मंडपात कीर्तनाचे शब्द एकात एक मिसळतात, हे आपण ऐकलेच आहे. म्हणून कोणी बुवा बदलत नाही!

आता कानाचा एक मोह. दोन यंत्रांपैकी किंचित मोठे वाजणारे आपल्याला सरस वाटते. तेव्हा दुकानात तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगावे, आणि अभंगही तोच लावावा. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचे आणले की आवाज दुप्पट, ही समजूतही खोटी. तो थोडासाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे १० पट लागते.

पडदा फाटला तर दुरुस्त करावा. दुरुस्त होत नसेल तर खुशाल नवे घ्यावे. तिथे वैराग्याचे सोंग नको.

आणि घरातल्या आजीला शब्दच उमगत नसतील तर? वयाबरोबर कान आधी वरचे स्वर गमावतो, आणि स, श यांसारख्या अक्षरांची ओळख त्या स्वरांवरच असते. नुसता आवाज वाढवून भागत नाही. एक स्पीकर तिच्या खाटेजवळ न्यावा. बाकीच्यांचा समभुज त्रिकोण मोडेल, मोडू द्यावा. तिचे कान डॉक्टरांना दाखवायचे राहिले असतील, तर यंत्राआधी तो खर्च.