चौथे शील आणि पहिले

१८ मे १९७४ रोजी राजस्थानातल्या पोखरणला भारताने पहिला अणुस्फोट केला, तेव्हा सरकारने त्याला ‘शांततामय’ म्हटले. लोकांच्या तोंडी मात्र ‘बुद्ध हसला’ हेच राहिले. त्या स्फोटातले प्लुटोनियम मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतले. भट्टी कॅनडाने दिलेली, जड पाणी अमेरिकेचे, आणि दोघांनाही आपण शब्द दिला होता तो शांततेसाठीच्या वापराचा. ‘शांततामय’ हे विशेषण त्या शब्दाची लाज राखण्यापुरते होते. पुढे १९९७ मध्ये, त्या प्रयोगाचे एक सूत्रधार राजा रामण्णा यांनी तो बॉम्बच होता हे उघडपणे सांगून टाकले.

११ मे १९९८ला, नेमक्या बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोखरण पुन्हा हादरले. या वेळी आडपडदा नव्हता. अस्त्राला अस्त्र म्हटले गेले आणि रस्तोरस्ती पेढे वाटले गेले.

मला १९९८ची भाषा अधिक स्वच्छ वाटते. अस्त्राला अस्त्र म्हटले की ते कोणाच्या ताब्यात आहे, केव्हा वापरणार, हे विचारता येते. ‘आधी वापरणार नाही’ हे वचन भारताने दिले ते त्यानंतरच. ‘शांततामय’ स्फोटाकडे असे वचन मागायचे तरी कसे?

पण माझे समाधान इथे संपते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखोंनी धम्म स्वीकारला आणि पंचशील मराठी घराघरांत पोहोचले. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे, पहिले जीवहत्या न करण्याचे. १९७४ला चौथे मोडले. १९९८ला ते सांभाळले, एवढ्यावरच आपल्यातले बहुतेक खूश झाले.

कोणी म्हणेल, चीनने १९६४ मध्येच चाचणी केली होती; आपण काय हात जोडून बसायचे होते? ही भीती खोटी नाही. अस्त्र वापरायचे नाही, नुसता धाक ठेवायचा, असेही सांगितले जाते. पण धाक बसतो तो वापरायची तयारी खरी असेल तरच. म्हणजे समोरच्या शहरातली लाखो माणसे, शाळेतल्या पोरांसकट, मारण्याचा निश्चय आजच मनात हवा. तो खरा असेल, तर पहिले शील मनाने मोडलेच, स्फोट होवो न होवो. तो खोटा असेल, नुसतीच गुरगुर असेल, तर चौथे पुन्हा मोडले. ‘आधी वापरणार नाही’ म्हटल्यानेही यातून सुटका नाही, कारण ‘नंतर वापरू’ हे त्या वचनातच आहे.

यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नाही. कदाचित शेजाऱ्यांच्या हाती अस्त्रे असताना राज्य चालवणाऱ्यालाही ती दिसत नसेल. दोन्हींपैकी एक शील तुटणारच असेल, तर ते जड मनाने तोडावे. त्याचे पेढे वाटू नयेत, आणि त्याला बुद्धाचे नाव तर मुळीच देऊ नये.