काजूबीचं तेल लावू नकोस

रत्नागिरी
चैत्र

चि. बाळास,


काल तुझ्या आईचा फोन आला. तळपायाला चामखीळ उठली आहे, चालताना टोचते आणि येत्या रविवारी तू काजूबीचं तेल काढून तिच्यावर लावणार आहेस, असं ती म्हणाली. तेवढं करू नकोस. का, ते सविस्तर सांगावं म्हणून लिहायला बसले. फोनवर तू नुसतं ‘हो आत्या’ म्हणतोस.

काजूबीच्या टरफलातलं तेल किती जहाल असतं हे लांज्याच्या माणसाला मी सांगायला नको. बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसतात, ती उगाच नाही. काजू, बिब्बा आणि आपला हापूस एकाच कुळातले. हापूसच्या चिकाने ओठ उततो, काजूने बोटांची सालं निघतात, आणि बिब्बा उतला तर विचारूच नकोस. मी सात वर्षांची असताना माझ्या हनुवटीवरच्या चामखिळीला आजीने बिब्ब्याचा ठिपका लावला. मायेनेच लावला. दोन दिवसांत गळ्यापर्यंत फोड आले, ताप भरला. त्याचा डाग तू लहानपणी बोट लावून ‘हे काय’ म्हणून विचारायचास.

पण डागाचं मी फारसं मनावर घेत नाही. तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली, त्यात मन खाणारी गोष्ट वेगळीच दिसली. काय उठलंय हे ठरवण्याआधीच माणसं ते जाळून येतात. काही गाठींचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्यांचं नाव कळत नाही. जळून गेल्यावर डॉक्टरांनी तपासायचं काय?

तेव्हा आधी पाय स्वच्छ धू, उजेडात बस आणि नीट बघ. आपल्याकडे कातळावर अनवाणी चालणाऱ्यांना कुरूपही होतं, आणि कुरूप नि चामखीळ यांत घोटाळा नेहमीचा. कुरूप वरून दाबलं की दुखतं, आणि त्याच्यावरून कातडीच्या रेषा सरळ जातात. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, रेषा तिला वळसा घालतात, आणि वरचा थर खरवडला की बारीक काळे ठिपके दिसतात. ती मुळं नव्हेत. बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं ते. हातापायाची अशी चामखीळ विषाणूने होते, म्हणून ती खाजवू नकोस, तिच्यावर ब्लेड फिरवू नकोस आणि आपली चप्पल दुसऱ्याला देऊ नकोस. मुलांची तर बरेचदा दोनेक वर्षांत आपोआप जाते.

चामखीळच निघाली तर सॅलिसिलिक आम्लाचं औषध मिळतं. पाय कोमट पाण्यात भिजवायचा, वरचा मेलेला थर घासायचा, आजूबाजूला व्हॅसलीन लावून औषध फक्त चामखिळीवर घालायचं. हे रोज, आणि दोन-तीन महिने. चिकाटी लागते बाळा, आठवड्यात कंटाळून सोडू नकोस. मधुमेह असलेल्याने पायाला आणि कोणीही चेहऱ्याला ते स्वतःहून लावू नये. त्याने भागलं नाही तर डॉक्टर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवतात किंवा भूल देऊन विजेच्या सुईने काढतात. गोठवल्यावर आपल्या सावळ्या कातडीवर कधी कधी पांढुरका डाग राहतो, ते आधी विचारून घे.

तुझ्या आईच्या मानेवरच्या लोंबत्या बारीक चामखिळी वेगळ्या. त्या लागट नाहीत, काढल्या नाहीत तरी चालतं. घोड्याचा केस मात्र बांधू देऊ नकोस, पिकतं. मान काळवंडली असेल तर तिची रक्तातली साखर तपासून घे. दादाच्या दंडावरची गाठ मऊ आहे, बोटाखाली सरकते, वर्षानुवर्षं तेवढीच आहे; ते चरबीचं आवाळू. त्याच्या पाठीवर मेण चिकटवल्यासारखं तपकिरी, खरखरीत काही आहे ना? उतारवयात असं पुष्कळांना येतं आणि बहुधा निरुपद्रवी असतं. तरी मी ते पाहिलेलं नाही, तेव्हा दाखवायला हवं.

कारण एका गोष्टीला मी घाबरते. तीळ एकाएकी वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकात दोन-तीन रंग दिसू लागले, रक्त येऊ लागलं, किंवा फोड महिनाभर भरला नाही, तर थांबायचं नाही. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत काळा कर्करोग पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. तू ज्याची गाणी ऐकतोस त्या बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली तोच निघाला. आधी फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलं होतं. १९८१ मध्ये तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. तुझं ते चामखीळच असेल, माझी तशी खात्री आहे. पण तळपायाचं म्हणून मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

सोमवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने ये. सिव्हिलला केसपेपर लवकर काढावा लागतो, मी दाराशी उभी असेन. दादालाही घेऊन ये, पाठ दाखवू. दुपारी जेवायला घरीच.

तुझी,
आत्या