दिव्याचा शब्द

मूठ बंद, आत सेल, बाहेर चार बारीक दिवे. सेलमध्ये किती चार्ज उरला आहे हे डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही. दिवे सांगतात आणि आपण मानतो. हे मानायचं कशाच्या बळावर? न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांत या प्रश्नावर शेकडो वर्षं वाद झाला. तिथे दिव्याच्या जागी वेद होता, एवढाच फरक.

मी पुण्यात तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्त झाल्यावर एका शास्त्रीबाईंकडे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, म्हणजे न्यायाची ओळख करून देणारा छोटा ग्रंथ, शिकायला जाऊ लागले. आथल्ये आणि बोडस यांची 1897 ची आवृत्ती आम्ही वाचतो. त्याच सुमारास नातीला लाइटसेबर (‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली उजेडाच्या पात्याची तलवार) हवा होता. तो घरीच जुळवायचं ठरलं. इलेक्ट्रॉनिक बोर्ड परदेशातून आला. तारा, रेझिस्टर, तीन मिलिमीटरचे एलईडी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणले. जाता जाता सांगते: 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ म्हणजे मुळात ग्राफ्लेक्सच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा, म्हणजे सेल ठेवायची नळी. बॅटरी या खेळण्याच्या पोटात जन्मापासूनच आहे.

आमच्या मुठीत 18650 मापाचा लिथियम-आयन सेल आहे. पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट; 3 व्होल्टच्या खाली तो नेऊ नये. बोर्ड मोजतो ते व्होल्टेज, चार्ज नव्हे. व्होल्टेजवरून चार्ज किती असेल ते ठरवायचं आणि तेवढे दिवे लावायचे. नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याला, हे लगेच ओळखू येईल. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. इथे व्होल्टेज हा हेतू, म्हणजे खूण; चार्ज हे साध्य, म्हणजे खुणेवरून ठरवायची गोष्ट.

पण अनुमान टिकतं ते व्याप्तीवर, म्हणजे जिथे हेतू तिथे साध्य या न चुकणाऱ्या नात्यावर, आणि व्याप्तीला उपाधी, म्हणजे लपलेली अट, चिकटलेली नाही ना, हे पाहावं लागतं. न्यायग्रंथांतलं नेहमीचं उदाहरण असं: धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. धूर निघायला सरपण ओलं लागतं. तो ओलेपणा ही उपाधी. लाइटसेबरमधली उपाधी म्हणजे सेलची विश्रांती. पातं बंद असताना व्होल्टेज जे सांगतं ते पातं पेटल्यावर सांगत नाही. पात्याच्या नळीत पाठीला पाठ लावून एलईडीच्या दोन पट्ट्या असतात, मीटरला 144 एलईडीच्या. त्या पेटल्या की सेलमधून काही अँपिअर वाहू लागतात. सेल आणि तारा मिळून रोध 50 मिलिओहम धरला आणि प्रवाह 5 अँपिअर, तर पाव व्होल्ट तिथेच खाली येतो. 3.75 होता तो 3.5 दिसतो. पातं मिटलं की पुन्हा वर चढतो. चार्ज तोच, सेल तोच, आणि दिवे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. थंडीत रोध वाढतो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे ही तफावत आणखी मोठी असते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. नातीच्या मैत्रिणीकडे विकतचा लाइटसेबर आहे. त्यात 3 ते 4.2 या पल्ल्याचे चार सारखे भाग पाडून दिवे बसवलेले होते: 3.9 च्या वर चार, 3.6 च्या वर तीन, 3.3 च्या वर दोन, त्याखाली एक. कागदावर हे फार न्याय्य दिसतं. पण सेल असा सरळ रेषेत उतरत नाही. 3.9 ते 3.6 या चिंचोळ्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त चार्ज संपून जातो, आणि 3.6 च्या खाली उरतं ते थोडकं. म्हणजे 3.62 व्होल्टला तीन दिवे जळत असतात, पाहणारा निम्म्याहून जास्त उरलं आहे असं समजतो, आणि सेलमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा असतो. ती मुलगी सराव करत असताना पातं विझलं. थोड्या वेळापूर्वीच तिने तीन दिवे पाहिले होते. त्यातलं प्रत्येक मोजमाप खरं होतं. सांगितलेली गोष्ट खोटी होती.

इथवरचा विचार मोजणाऱ्याच्या बाजूचा झाला. त्या मुलीला व्होल्टेज दिसत नाही, व्याप्ती ठाऊक नाही, उपाधीचा तिला पत्ता नाही. ती अनुमान करत नाही. ती कोणाच्या तरी सांगण्यावर विश्वास ठेवते. माझ्यासाठी जे अनुमान आहे, ते तिच्यापर्यंत पोचेतो शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, झालेलं असतं, आणि शब्द प्रमाण ठरतो तो बोलणाऱ्याच्या लायकीवर. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या आपल्या न्यायभाष्यात ही लायकी सांगितली आहे: आप्त तो, ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, लक्षण सर्वांना तेच, असंही तो बजावतो. अन्नंभट्टाने हे आखूड करून यथार्थ बोलणारा तो आप्त, एवढंच ठेवलं. विद्यार्थ्याच्या पाठांतराला ते सोयीचं आहे, पण मला वात्स्यायनाची दोन कलमं हवीत. सारखे भाग पाडणाऱ्याच्या मनात फसवायचं नसेल. त्याने सेल उतरताना स्वतः पाहिला नव्हता, पहिलं कलम त्याने मोडलं. दुसरा एखादा सगळं जाणून, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून चौथा दिवा लांबवत ठेवील. तो दुसरं कलम मोडतो. हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

मीमांसक इथे मला अडवतील. कुमारिल भट्टाचं म्हणणं, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक पुढे येईपर्यंत त्यावर शंका घ्यायची नाही. वेदाला तर कर्ताच नाही, मग कर्त्याचा दोष त्यात येणार कुठून? यातला पहिला भाग व्यवहाराला धरून आहे. प्रत्येक वेळी मल्टिमीटर लावून कोणी खेळत नाही. दुसरा भाग मला मान्य होत नाही. ज्या शब्दामागे कोणीच नाही, त्याला जाब विचारायलाही कोणी नाही. न्यायसूत्रांनी वेदाचं प्रामाण्य मंत्र आणि आयुर्वेद यांच्यासारखं मानलं: औषधाचा गुण इथे अनुभवाला येतो, म्हणून ते सांगणारा आप्त ठरतो, म्हणून त्याने न दिसणाऱ्या गोष्टींविषयी सांगितलेलंही मानावं. या युक्तिवादात कच्चा दुवा आहे. ज्याला तापाचं औषध कळलं त्याला स्वर्गही कळलाच असेल असं नाही. तरीही मी नैयायिकांच्या बाजूची आहे, कारण त्यांनी बोलणाऱ्याला उत्तरदायी ठेवलं. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष मागितली तर शेवटच लागणार नाही, या आक्षेपाला त्यांचं उत्तर साधं होतं: त्या ज्ञानावर विसंबून कृती करा, ती फळाला येते का पाहा. पाणी दिसलं तर जाऊन प्या.

म्हणून मी सेल पूर्ण भरला, ठरावीक प्रवाहाने रिकामा करत नेला, दर दहाव्या हिश्श्याला थांबले, त्याला अर्धा तास विसावू दिला आणि मग आकडा लिहिला. अर्धा चार्ज सरला तेव्हा व्होल्टेज 3.7 च्या किंचित वर होतं. दिव्यांच्या मर्यादा या तक्त्यातून घेतल्या. पातं पेटलेलं असताना दिवे बदलत नाहीत; शेवटचं विश्रांतीतलं मोजमाप तेच धरून ठेवतात. अपवाद चारांतल्या तांबड्या दिव्याचा: पातं चालू असतानाही व्होल्टेज फार खाली गेलं तर तो लुकलुकतो. सेल जुना होतो, त्याची धारणा घटते, म्हणून हा तक्ता दर वर्षी नव्याने करायचा. एकदा आप्त ठरलेला कायम आप्त राहत नाही, असं मला यावरून वाटतं. कीर्तनकार, गुरू, पुजारी, जो कोणी आपल्याला न दिसणाऱ्याविषयी सांगतो, त्याच्यापुढे ही दोन कलमं ठेवण्यात मला अश्रद्धा दिसत नाही. तू स्वतः पाहिलं आहेस का? पाहिलंस तसंच सांगतो आहेस का? या प्रश्नांनी ज्याला राग येतो, त्याच्या शब्दावर मी माझं काही सोपवणार नाही.

तुम्ही मुलांसाठी असा लाइटसेबर जुळवत असाल तर सेल विसावलेला असतानाचे आकडे स्वतः मोजा, त्यावरूनच दिवे बसवा, आणि कोणता दिवा किती व्होल्टला विझतो ते कागदावर लिहून, खाली आपलं नाव घालून, डब्यात ठेवून द्या.