रांगेतला आकडा कुणाचा?

रस्ता रुंद करायची मागणी आली की सोबत वाहनांच्या मोजणीचा तक्ता येतो. ऐन गर्दीत तासाला इतक्याच गाड्या गेल्या, म्हणजे या रस्त्याची क्षमता तेवढीच, असा त्याचा अर्थ लावतात. हा अर्थ चुकीचा आहे, आणि त्यापायी भलत्या जागी पैसा ओतला जातो.

प्रवाह म्हणजे वेग गुणिले दाटी, यावर वाद नाही. एका लेनच्या किलोमीटरभरात ३० गाड्या ताशी ६० किलोमीटरने धावत असतील तर तासाला १८०० गाड्या पुढे जातात. तिथेच ९० गाड्या ताशी २० ने सरकत असतील तरी उत्तर १८००! एकात मोकळा रस्ता, दुसऱ्यात कोंडी. नुसत्या गाड्या मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

वाहतूक अभियंता ग्रीनशील्ड्सने अमेरिकेतल्या ओहायोत कॅमेरा लावून वाहतूक टिपली आणि १९३५ मध्ये मांडलं, की दाटी वाढते तसा वेग सरळ रेषेत उतरतो. त्यातून दाटीनुसार प्रवाहाच्या आलेखाचा तो प्रसिद्ध डोंगर निघाला: चढ, माथा, उतार. पण उताराकडच्या दाटीचा त्याच्याकडे एकच बिंदू होता, तोही वेगळ्या रस्त्यावरचा. डोंगराची ती बाजू मुख्यतः रेषेच्या भरवशावर उभी होती. तरी पुढच्या पिढ्यांनी ती रस्त्याचा जन्मजात गुण म्हणून वाचली: गाड्या फार झाल्या की रस्ता आपणहून कमी गाड्या सोडू लागतो.

माझं भांडण या वाचनाशी आहे. १९५५ मध्ये गणितज्ञ लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी नदीच्या पुराचं गणित रस्त्याला लावलं. दाट वाहतुकीतला बदल लाटेसारखा गाड्यांच्या उलट दिशेने, मागे सरकतो, हे त्यातून दिसलं. बहुतेक लोक इथे लाटेच्या चमत्कारावर थांबतात. मला त्यामागची दिशा मोलाची वाटते. लाट मागे येते, म्हणजे रांगेत उभ्या माणसाचा वेग पुढे कुठेतरी ठरलेला असतो. उतारावरचा आकडा पायाखालच्या रस्त्याचा नसतो, पुढच्या अरुंद गळ्याचा असतो. (गळा नसतानाही कोंडी होते. जपानमध्ये २३० मीटरच्या वर्तुळात २२ गाड्या फिरवून २००८ मध्ये ते दाखवलं गेलं. पण आपल्या रोजच्या रांगांना बहुधा गळा असतोच.)

बोरघाट घ्या. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग तिथे एकत्र येतात, चढावर ट्रक रांगतात आणि सुट्टीच्या सकाळी रांग मागे खोपोलीकडे वाढत जाते. त्या रांगेत उभं राहून गाड्या मोजल्या तर हाती घाटाचा आकडा येतो, खोपोलीच्या रस्त्याचा नाही. खोपोलीपाशी चौथी लेन बांधली तर रांग आखूड आणि जाड होईल. वर लोणावळ्याला पोचणाऱ्या गाड्या तासाला तेवढ्याच राहतील.